रविवारी आलेली अमावास्या

टेलिफोनच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याच वर्षी कावेरीने मनाशी ठरवलं, आत्याला समुद्र दाखवायचा. गोदूबाई ही तिच्या वडिलांची विधवा बहीण. आई गेल्यावर कावेरीला तिनेच वाढवलं होतं. चामराजपेटेतलं घर सोडून ती फार तर जवळच्या आनेकल गावी, नात्यातल्या लग्नाला गेलेली.

बंगळूरच्या माणसाला समुद्र म्हणजे मद्रास. पण मद्रासला राहायचं कुठे, टॅक्सी कशी परवडायची? कारखान्यात कावेरीशेजारी बसणाऱ्या अनुसूयाचं माहेर मद्रासचं. तिने जेवणाच्या सुट्टीत वाट सांगितली. "राहायचं कशाला? शनिवारी रात्रीची मेल धर, तिसऱ्या वर्गाची. पहाटे मद्रास. स्टेशनाबाहेरून तिरुवल्लिकेणीची बस. तिथून समुद्र चालत. रविवारी रात्री परत, सोमवारी कामावर हजर!"

त्या संध्याकाळी कावेरी धावतच घरी आली. गोदूबाईने पोळपाटावरची पोळी तशीच ठेवली. "खरंच गं? एका रविवारात समुद्र?"

"होणार नाही," ओसरीवरून अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे कावेरीचे वडील, भीमाचार्य. पाठशाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. "पर्वकाळाशिवाय समुद्राला शिवू नये. वाटेल त्या रविवारी जाऊन पाय बुडवायला ते काय केंपांबुधीचं तळं आहे?"

गोदूबाईचा चेहरा उतरला. भावाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. कावेरीने मात्र खुंटीवरचं पंचांग काढलं आणि अण्णांच्या मांडीवर ठेवलं. "मग पर्वकाळाचा रविवार शोधून द्या."

अण्णा बराच वेळ पानं चाळत राहिले. अखेर एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "माघातली अमावास्या. रविवारी आहे. पण सकाळी साडेसातलाच संपते." मग घसा साफ करून, दुसरीकडे पाहत, "तर्पण समुद्रावर केलेलं उत्तम. मीही येईन."

"सरी! ठरलं तर!" गोदूबाई टाळी वाजवून म्हणाली.

त्यानंतर घरात दुसरा विषयच उरला नाही. ओलं लुगडं कुठे बदलायचं? अनुसूया म्हणाली, दोघींनी जुनं धोतर धरायचं, तिसरीने आत बदलायचं. तिसरी कोण, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, किती टिकतो, दही आंबेल की नाही, यावर गोदूबाईने साऱ्या गल्लीचा सल्ला घेतला. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबे आणि विचारी, "तो आवाज करतो म्हणतात, कसा गं?" कावेरी अण्णांकडे बघे. अण्णा स्तोत्र पुटपुटू लागत.

अमावास्येच्या पहाटे तिघं मद्रासच्या स्टेशनाबाहेर आली. हवा ऊबदार, दमट. रस्त्यात बस उभी होती. कावेरी इतकी आतुर झाली होती, की पाटी न वाचताच तिने आत्याला वर चढवलं. बस निघाली. वळणं घेत, बाजार ओलांडत गेली. समुद्राचा वास येईना. कावेरीने कंडक्टरला "तिरुवल्लिकेणी?" असं विचारलं, तेव्हा त्याने मागच्या दिशेला हात केला.

उतरून उलट बस मिळेपर्यंत ऊन वर आलं होतं. अण्णांनी खिशातलं घड्याळ पाहिलं आणि परत आत ठेवलं. अमावास्या संपली होती. कावेरीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस घोकलेली वाट, आणि चुकली तीच.

"रडू नको," गोदूबाई म्हणाली. "लांबून बघू. बघायला कुठे पर्व लागतं?"

रस्ता ओलांडून तिघं वाळूवर आली. समोर निळं, हलणारं, दुसरा काठच नसलेलं पाणी. गोदूबाई जागच्या जागी थांबली. तिच्याहून चार पावलं पुढे अण्णा उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"अण्णा," कावेरी हळूच म्हणाली, "तुम्हीही पहिल्यांदाच?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग एकदम वळून शाळेतल्या आवाजात म्हणाले, "सूर्योदयाला जी तिथी, ती स्नानदानाला दिवसभर धरावी, असं वचन आहे. गोदू, चल!"

"आधी का नाही सांगितलंत?" कावेरीने विचारलं.

"आधी समुद्र कुठे पाहिला होता?"

गोदूबाईने लुगडं खोचलं आणि ती चक्क पळाली. पहिल्याच लाटेने तिला खाली बसवलं. ती ओरडली, हसली, उठली आणि पुन्हा पुढे गेली. अण्णा गुडघाभर पाण्यात उभे राहून संकल्प म्हणू लागले. प्रत्येक वेळी लाट येई, ते गडबडत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शेजारी जाळं ओढणारे कोळी हसत होते. चौथ्यांदा अण्णाही हसले.

कावेरी काठावर डबे, धोतर, चपला सांभाळत उभी होती. निथळत आलेल्या गोदूबाईने सगळं तिच्या हातातून ओढून घेतलं.

"मी बसते इथे. तू गेलीस का अजून? जा की गं!"

कावेरीने वेणी डोक्याभोवती गुंडाळली आणि समुद्राकडे धूम ठोकली.