बूट घातलेली मोजकाठी

मी मोजकाठी बोलतेय, आणि आज चढ्या आवाजातच बोलणार आहे. नगरपालिकेच्या रस्ते विभागात अकरा वर्षं मी खड्ड्यांची खोली मोजली. एका खड्ड्यात तर इतकी खोल उतरले, की वर येईपर्यंत अभियंतासाहेबांना बढती मिळाली होती. हसताय काय? शप्पथ!

नियम असा की सात सेंटीमीटर भरलं तर तो खड्डा. आठवड्याच्या आत बुजवायचा. कमी भरलं तर ती ‘किरकोळ असमानता’. मग एके दिवशी साहेबांनी माझ्या तळाला तीन सेंटीमीटर जाडीचा रबरी बूट चढवला. “गंजायला नको,” म्हणाले. काय ती माया! माझं शून्य तेवढंच वर उचललं गेलं, आणि शहरातला प्रत्येक खड्डा न बुजवताच तीन सेंटीमीटरनं उथळ झाला.

शाळेजवळच्या वळणावर एक सायकलवाला तोंडावर आपटला. साहेबांनी तिथं मला टेकवलं. “पाच. किरकोळ.”

आठ, मेल्या, आठ! मी ओरडले. पण काठीचं ऐकतो कोण?

त्या सायकलवाल्याची बायको छतांना प्लास्टरची नक्षी करते. त्यांची लेक त्याच वळणावरून सायकलनं शाळेत जाते. बाईनं काय करावं? खड्ड्यात प्लास्टर ओतून त्याचा अख्खा ठसा काढला, कॅरिअरला बांधला आणि थेट नगरपालिकेच्या सभेत नेऊन टेबलावर आदळला.

“हे काय, केक आणलात का ताई?” एक सभासद खिदळला.

“घ्या की चाखून. माझा नवरा चाखून आलाय, दोन दात तिथंच ठेवून.”

साहेबांनी घाईघाईनं मला ठशाशेजारी उभं केलं. “बघा, पाच!”

बाईनं मला हिसकावलं, बूट उपटला आणि पुन्हा टेकवलं. “आता वाचा.”

साहेबांना एकदम कमी दिसायला लागलं. मागच्या बाकावरची एक आजी पुढे आली, चष्मा सरकवून म्हणाली, “आठ आहेत की रे बाबा.”

मग ठराव झाला, एकमतानं: मोजकाठी सदोष आहे, मोडीत काढावी, नवी येईपर्यंत मोजणी बंद. बूट मात्र जपून ठेवला. नव्या काठीसाठी!

बाईनं मला कचऱ्यातून उचललं. आता मी त्याच खड्ड्यात उभी आहे, डोक्याला लाल फडकं बांधून, अनवाणी. सकाळी तिची लेक घंटी वाजवत मला वळसा घालून जाते. काल एका मोटारीनं मला कमरेत वाकवलं. अजून एक धक्का, की मी आडवी; आणि मग त्या पोरीला सांगणार कोण?

तेव्हा बुजवा हा खड्डा. हवं तर मला आत गाडून बुजवा.