तीन पानांचं तण

गयाबाईंनी शेवटचं रोप मुळासकट उपटलं, माती झटकली आणि ढिगावर टाकलं. घरामागचा अख्खा वाफा त्यांनी सकाळपासून एकटीनं काळाभोर करून ठेवला होता.

"केवढी आंबुटी माजली होती रे! आणि खाऊन बघितली, तर आंबटसुद्धा नाही. तुमच्या जर्मनीत तणालाही चव नाही."

ऑफिसातून आलेला अश्वजित लॅपटॉपच्या बॅगेसकट दारातच थिजला. ती आंबुटी नव्हती, तशाच तीन पानांचं क्लोव्हर होतं. बटाटे काढल्यावर जमीन उघडी राहू नये, तिचा कस वाढावा म्हणून त्यानं दीड महिन्यापूर्वी मोठ्या हौसेनं ते पेरलं होतं. बी दिलं होतं शेजारच्या म्हाताऱ्या फ्राऊ हेगेलेंनी, स्वतःच्या वाफ्यात पेरून उरलेलं.

"आई, अगं हे..."

मागून प्राचीनं सणसणीत चिमटा काढला. सातवा महिना लागलेल्या बायकोनं चिमटा काढल्यावर नवऱ्यानं गप्प बसावं, तसा तो बसला. डिशवॉशरला हात लावू नका, हा कचरा त्या डब्यात नको, असं ऐकून ऐकून सासूबाईंनी आठवडाभर परतीच्या तिकिटाचा धोशा लावला होता. मला इथं कामच काय, म्हणायच्या. बाळंतपणाला त्या नसतील या विचारानंच प्राचीला रडू यायचं. आणि आज पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला होता.

"अहो आई, किती स्वच्छ केलंत!" प्राची म्हणाली.

तेवढ्यात कुंपणावरून फ्राऊ हेगेले डोकावल्या. वाफा बघून त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, क्लोव्हर कुठं गेलं?

"काय म्हणतात त्या?" गयाबाईंनी विचारलं.

"म्हणतात, फार छान झालंय." इथं थांबला असता तर बरं होतं. पण अश्वजितची जीभ सैल सुटली. "त्यांना या वयात नाही जमत म्हणे असं."

"अगं बाई," गयाबाई कळवळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात दिसेनात. अश्वजित अनवाणी मागे धावला. गयाबाई कुंपणापलीकडे, फ्राऊ हेगेलेंच्या वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी हिरवा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. फ्राऊ हेगेले गाऊनवरच दारात उभ्या होत्या, तोंडावर हात ठेवून.

"बघ, आनंदानं डोळ्यांत पाणी आलंय बिचारीच्या," गयाबाई म्हणाल्या.

अश्वजितनं वळून खिडकीकडे पाहिलं. प्राचीनं पोटावर हात ठेवून नुसती नकारार्थी मान हलवली.

गयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदराला हात पुसले आणि कुंपणांच्या रांगेवरून सावकाश नजर फिरवली.

"माझ्या तिकिटाचं राहू दे रे आता," त्या म्हणाल्या. "या ओळीत अजून अकरा घरं आहेत."