रिकाम्या ओळीवरचं नाव

मंडळी, आपल्याला एक वेळ जेवायला सवड नसते, पण गावाला नावं ठेवायला असतेच असते. आमच्या हॅमेल गावात तर सकाळची कॉफी त्याशिवाय कुणाच्या घशाखाली उतरत नाही. रस्त्यातले खड्डे, नळाच्या पाण्याला येणारा गंजाचा वास, नगरसभेतली तीच ती पाच डोकी! सगळं बोलून होतं, कप विसळले जातात आणि जो तो आपापल्या ट्रकमध्ये बसून घरी जातो. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

निवडणूक आली की तर विचारू नका. मतपत्रिकेवर एका जागेसाठी वर्षानुवर्षं एकच छापील नाव, धान्य-पेंडीचं दुकान चालवणाऱ्या ड्वेन केसलरचं. त्याच्याखाली एक रिकामी ओळ. छापलेला माणूस नको असेल तर तिथे हव्या त्या माणसाचं नाव हातानं लिहायचं आणि समोरचा गोल काळा करायचा. या ओळीचं आमच्या हुशार गावानं काय करावं? कुत्र्यांची नावं लिहिली! कुणी आपली गाय उभी केली, कुणी केव्हाच मेलेला फुटबॉलचा मास्तर. मग बारमध्ये बसून कुणाचं नाव जास्त गमतीचं यावर बिअरची पैज. शाळेची बस चालवणारी अर्डिथ व्होगेल आणि तिचा नवरा मर्ल न चुकता आपल्या बिस्किट नावाच्या कुत्र्याला मत द्यायचे.

एप्रिलमध्ये मर्ल गेला. गोठ्यातच छातीत कळ आली. गावची अँब्युलन्स आदल्या वर्षीपासून गॅरेजात कुलूपबंद होती, कारण नगरसभेनं ती सेवा बंद केली होती. दुसरी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुख्य गावाहून निघाली आणि पोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. थोडं आधी आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

अर्डिथ रडली नाही. चर्चच्या तळघरात लोकांना हॅमचे सँडविच वाढले, कॉफी ओतली आणि सोमवारी बसवर हजर झाली. मुलं चढत, उतरत. आपण जेवलो की नाही हे तिला मोरीतली भांडी बघून कळायचं. दात काढताना भूल दिली की ओढल्याचं कळतं पण दुखत नाही, तसं तिचं चाललं होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी ओलेटा फिंक आली. ही म्हातारी मतदानाच्या दिवशी टेबलावर बसायची, नावं तपासायची, संध्याकाळी मतं मोजायची. मर्लच्या वेळी तिनं चीज घातलेले भाजलेले बटाटे पाठवले होते.

"माझं भांडं न्यायला आलेय," ती म्हणाली, "पण आधी बस इथे. नगरसभा डिसेंबरात अँब्युलन्स विकून टाकतेय. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय. पाचांतले तिघं विकायच्या बाजूचे. त्यांतला एक ड्वेन, आणि नोव्हेंबरात निवडणूक आहे ती ड्वेनच्याच जागेची. गाडी एकदा गेली की दुसरी घ्यायची ऐपत या गावात नाही."

"विकू देत," अर्डिथ म्हणाली. "मर्ल थोडाच परत येणारेय?"

"मर्ल नाही यायचा. पण पुढच्याचं काय?"

"नाव छापायची मुदत गेली, ओलेटा. आता छापील नाव त्याचं एकट्याचंच."

"मग ती रिकामी ओळ कशाला ठेवलीय? कुत्र्यांसाठी?"

अर्डिथनं तिचं भांडं फडक्यानं पुसायला घेतलं.

"टेबलावर बसत होते तोवर मला तोंड उघडायची बंदी होती," ओलेटा म्हणाली. "यंदा डोळ्यांनी दगा दिला, टेबल सुटलं, आता ऐकून घे. हातानं लिहिलेली नावं मोठ्यानं वाचायचं काम माझं. मागच्या वेळी मी कुत्री वाचली, गायी वाचल्या, एक कोंबडासुद्धा वाचला. सगळे खो खो हसत होते आणि मी मनात बेरीज करत होते. अगं, ती सगळी मतं एका जित्याजागत्या माणसाच्या नावावर पडली असती, तर ड्वेन घरी बसला असता! गाडीला कुलूप ड्वेननं लावलं म्हणता ना सगळे? किल्ली आपणच कुत्र्याच्या तोंडात दिली होती!"

मागच्या निवडणुकीत मतदान करून घरी येताना मर्ल किती हसला होता, ते अर्डिथला आठवलं. हसण्याचा आवाजसुद्धा आठवला. पण आत काही हललं नाही.

"मला काही वाटतच नाही हो," ती म्हणाली. "अशी बाई काय उभी राहणार?"

"वाटायची वाट बघत बसलीस तर डिसेंबर उजाडेल. बस चालवताना काही वाटतं का तुला? चालवतेसच ना? तशीच दारोदार फीर."

ओलेटा भांडं घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी अर्डिथ काउंटीच्या कचेरीत गेली आणि 'माझ्या नावाची मतं मोजा' म्हणून सही करून आली. का केली, ते तिला सांगता आलं नसतं.

आता आमच्याकडे स्वतःसाठी काही मागणं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं. अर्डिथ बस लावून झाली की दारोदार जायची आणि एकच वाक्य म्हणायची, "खालच्या ओळीत माझं नाव लिहा, गोल काळा करायला विसरू नका." लोक सफरचंदाचा केक पुढे करायचे, कॉफी द्यायचे. शब्द कुणी द्यायचं नाही.

बारच्या दारात गस हॅवलिकनं तिला गाठलं. "काय अर्डिथ, बिस्किटच्या विरोधात उभी राहतेस म्हणे? एकाच घरात फूट?"

"बिस्किट निवडून आला असता तर निदान त्यानं गाडी विकायला काढली नसती," अर्डिथ म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. गसचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

शेवटी ती ड्वेनच्या दुकानात गेली. तो पेंडीची पोती रचत होता.

"माझ्याच दारी मत मागायला आलीस?"

"सगळ्यांच्या दारी गेले. तुझं एकट्याचं चुकवू?"

ड्वेननं पोतं खाली ठेवलं. "अर्डिथ, मला काय हौस होती का गं? दोनच माणसं उरली होती गाडीवर. दोघांचीही साठी उलटलेली. अर्ध्या रात्री बोलावणं आलं तर जायचं कुणी? मी सभेत विचारलं, कोण येतंय? समोर नुसत्या खुर्च्या. घरोघर जाऊन विचारलं."

"मर्लला विचारलं होतंस?"

ड्वेननं पोतं परत उचललं. "विचारलं होतं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, एवढा हंगाम उरकू दे, मग बघू."

अर्डिथ तशीच बाहेर पडली. ट्रकमध्ये बसली आणि दार धाडकन लावून घेतलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी टोचलं होतं! मर्लचा राग आला होता. स्वतःचाही आला होता. त्यानंतर ज्या ज्या दारी गेली तिथे तिनं आणखी एक वाक्य जोडलं, "नुसतं मत देऊन भागणार नाही. गाडीवर माणसं लागतील. मी येतेय, तुम्ही?"

मतदानाच्या दिवशी पडद्याआड पेन हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. स्वतःच्या हातानं स्वतःचंच नाव? तिच्या आईनं कानफटात दिली असती! पण तिनं लिहिलं. गोल नीट काळा केला.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात मोजणी झाली. अर्डिथ व्होगेल, अर्डिथ व्होगेल, पुन्हा अर्डिथ व्होगेल. मध्येच एकदा कोंबडा आला, पण कुणी हसलं नाही. अर्डिथ थोडक्यात निवडून आली. ओलेटानं तिला मिठी मारली. अर्डिथ "बरं" म्हणाली आणि खुर्च्या आवरू लागली.

डिसेंबरच्या सभेत गाडी विकायचा ठराव पडला. टाळ्या वाजल्या. तेव्हा मागच्या रांगेतून ड्वेन उठला. "टाळ्या झाल्या? आता चालवणार कोण ते सांगा."

जो तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी हे सगळ्यांना मान्य, बांधायला मात्र शेजारी हवा.

"मी," अर्डिथ म्हणाली. "बस चालवते, गाडीही चालवीन."

ड्वेन म्हणाला, "माझंही नाव घ्या. आता मला वेळच वेळ आहे." लोक हसले, आणि त्या हसण्यातच गस हॅवलिकचा हात वर गेला.

हिवाळाभर शिकवणी चालली. मार्चमधल्या एका पहाटे पहिलं बोलावणं आलं. गावाबाहेरच्या लुंडीनच्या शेतावरून, म्हाताऱ्याच्या छातीत दुखत होतं. रस्त्यावर बर्फ साचलेला. अर्डिथनं गाडी काढली, ड्वेन मागे बसला. दारात लुंडीनबाई उभ्या होत्या, हातातला फोनसुद्धा अजून खाली ठेवलेला नव्हता.

"आलात?" त्या म्हणाल्या. "अहो, इतक्या लवकर?"

अर्डिथचे पाय उंबऱ्यातच थिजले. ड्वेन पेटी घेऊन तिच्या बाजूनं आत गेला, मग तीही गेली. म्हातारा इस्पितळात पोचला आणि वाचला. शिवाय घरी परतल्यावर नर्सच्या नावानं तक्रारी करण्याइतका ठणठणीतही झाला.

गाडी गॅरेजात लावल्यावर अर्डिथ स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मोठमोठ्यानं, नवऱ्याचं नाव घेऊन रडली. ड्वेन बाहेर थांबला आणि ती उतरेपर्यंत चाकांवरचा बर्फ झाडत राहिला.

तर मंडळी, गावाची रिकामी जागा रिकामी राहत नसते. आपण तिथे थट्टा लिहिली, तर तिची किंमत कुणाच्या तरी घरातला माणूस मोजतो. तेव्हा तिथे माणसाचं नाव लिहा. एकही नाव सुचत नसेल, तर लाज सोडून स्वतःचं लिहा. आणि लिहिलंत, की बोलावणं येईल तेव्हा हंगाम उरकायची वाट बघू नका.