हैबतरावांच्या खिशातलं मीठ

शनिवारी पौडला कबड्डीचे सामने, हैबतरावांच्या संघात मोजून सात पोरी, आणि त्यातली सातवी वैभवी चार दिवस सरावाला फिरकली नव्हती. सातांखाली संघाची नोंद होत नव्हती. शेवटी हैबतराव स्वतःच दवातून गवत तुडवत ताम्हिणीच्या माळावर पोचले. वैभवी शेळ्या चारत उन्हाला बसली होती.

"काय गं भवाने, पाय मोडला का तुझा?"

"न्हाई. येनार न्हाई म्या."

"का?"

"तीन वर्सं म्हशे, रेडके, ढब्बे ऐकतीया. एकदा तरी चांगलं म्हणला का तुमी? त्यापरीस शेळ्या बऱ्या."

खरं कारण सांगायची हैबतरावांना लाज वाटत होती. एकदाच त्यांनी एका पोराचं चारचौघांत कौतुक केलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा गुडघा निखळला. तेव्हापासून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

"माझी नजर लागती गं," ते कसंबसं बोलले. "जी पोरगी भारी, तिला शिव्या जादा. तुला सगळ्यात जास्ती का बसत्यात, आता कळलं?"

वैभवी आधी बघतच राहिली, मग पोट धरून हसली. "अवो, मंग शाब्बास म्हणा आन् लगीच दृष्ट काढा! माझी आज्जी करडांची काढती तशी."

"गुण येतोय का?"

"औंदा तिन्ही जगली."

शनिवारी हैबतराव दोन्ही खिशांत मीठ-मिरच्या भरून हजर. वैभवी गडी मारून परतली की "वा गं माझी वाघीण!" आणि लगेच मूठ ओवाळून मैदानाबाहेर. मग बाकीच्या पोरींनाही चेव आला. एकेका पकडीला तिघी-तिघी तुटून पडायच्या आणि धापा टाकत ओरडायच्या, "सर, माझीबी काढा की!" मिरच्यांनी पंचाला शिंका सुरू झाल्या. त्याने दोनदा दम भरला, पण ऐकतंय कोण?

शेवटचं मिनिट, गुण सारखे. चढाईला निघताना वैभवीने वळून सरांकडे बघितलं. हैबतरावांनी खिसे चाचपले. दोन्ही रिकामे. पोरगी तर वाट बघत थांबलेली. तरी ते ओरडलेच, "जा गं! तुझ्यासारखी अख्ख्या मुळशीत न्हाई!"

वैभवी मुसंडी मारून आत शिरली, पण परतताना मधली रेषा हातभर राहिली असताना धरली गेली. एका गुणाने सामना गेला.

हैबतराव डोकं धरून खाली बसले. "म्याच घात केला पोरीचा."

वैभवी कपडे झटकत आली. "सर, त्यांच्या पोरीनं घोटा धरला माझा. तुमची नजर कुटनं आली त्यात? डावा पाय मागं ऱ्हातोय माझा. उद्या तेवढंच घेऊ. किती वाजता येऊ?"

"उद्या रविवार हाय गं."

"मंग?"

हैबतराव उठून उभे राहिले. म्हणाले, "ये सात वाजता."

"लई उशीर हुतोय," वैभवी म्हणाली. "सा वाजता. आन् तुमी वेळेवर या."