तिसरी खाच

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या परसात आंबट संत्र्याचे झाड एक होते, डाळिंबे दोन, अंजीर एक, मेस्कीटचे काटेरी झाड एक, कुंपणाकडेला निवडुंग अकरा, मिरचीची रोपे सहा आणि टोमॅटोचे एक. नळ एक, रबरी नळी एक, पालथी बादली एक. संत्र्याच्या पूर्वेकडच्या सर्वांत खालच्या फांदीवर पाने चौतीस, त्यांतली कडेने करपलेली एकोणतीस. आणि टोमॅटोला टेकू म्हणून मातीत खुपसलेली गंजकी लोखंडी सळई एक.

मित्रांनो, ती सळई म्हणजे मी.

वाळवंटातल्या टूसॉन शहराच्या जुन्या वस्तीत लिब्रादो एस्कालांते नावाचा गवंडी स्वतःचे घर बांधत होता, तेव्हा उरलेल्या लोखंडातून त्याने मला कापले. लांबी चार फूट, जाडी करंगळीएवढी. वरचे टोक वाकवून त्याने धरायला कडी केली, खालचे टोक घासून बोथट टोचणीसारखे केले. मग कानस घेऊन माझ्या अंगावर तीन खाचा पाडल्या. पहिली खालच्या टोकापासून एक फुटावर, दुसरी दोनवर, तिसरी तीनवर. तेव्हा मला वाटले होते की मी एखाद्या भिंतीत जाईन आणि कायमची अंधारात राहीन. त्याऐवजी मला रोज थोडा थोडा अंधार पाहायला मिळाला.

माझे काम सोपे आहे. पाणी घालून झाले की मला मातीत दाबायचे. ओल्या मातीत मी सहज उतरते, कोरडी माती लागली की थांबते. जिथे थांबले तिथपर्यंत पाणी पोचले, एवढाच त्याचा अर्थ. मिरचीला पहिल्या खाचेपर्यंत पाणी हवे, डाळिंबाला दुसऱ्या आणि संत्र्याला तिसऱ्या. आमच्याकडे पाऊस वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा घाईत असतो, त्यामुळे बाकीचे दिवस लिब्रादोचा भरवसा माझ्यावर.

संत्र्याचे रोप लावायच्या वेळी मी जवळच होते. दोन फूट खणल्यावर खाली पांढरा, सिमेंटसारखा कठीण थर लागला. लिब्रादोने आठ फूट रुंदीचा खड्डा आखला आणि सहा दिवस पहारीने तो थर फोडला. मग खड्डा पाण्याने भरला, मला त्यात उभे केले आणि सकाळी येऊन पाण्याची पातळी किती उतरली ते पाहिले. पाणी पूर्ण मुरले होते. तेव्हाच रोप खाली ठेवले.

त्याची बायको रेफुहिओ. तिला सगळे कुका म्हणत. ती दारात उभी राहून म्हणायची, "काय रे, जमिनीची तब्येत विचारून झाली असेल तर माझीही विचार. गुडघा दुखतोय सकाळपासून."

"जमीन बोलत नाही, म्हणून सळई लागते," लिब्रादो पालथ्या बादलीवर बसल्या बसल्या उत्तर द्यायचा. "तुझं सगळं मला न विचारता कळतं. शेजाऱ्यांनाही कळतं."

"मेल्या, चहा बंद करीन हं!"

चहा कधी बंद झाला नाही. जानेवारीत गारठा पडायचा, तेव्हा कुकाच्या फुलाफुलांच्या जुन्या चादरी संत्र्यावर चढायच्या. मार्चमध्ये वाळक्या फांद्या उतरायच्या. एप्रिलमध्ये खोडाला पांढरा रंग, म्हणजे उन्हाने साल भाजू नये. उन्हाळ्यात दर बारा दिवसांनी पाणी, हिवाळ्यात महिन्यातून एकदा, पण प्रत्येक वेळी तिसऱ्या खाचेपर्यंत. झाड मोठे होत गेले तसे दर दोनतीन वर्षांनी लिब्रादो आळे मोडून रुंद करायचा. पाणी पिणारी मुळे खोडाशी नसतात, ती फांद्यांच्या टोकांखाली असतात, असे तो म्हणायचा. डिसेंबरात संत्री उतरली की कुका मुरंबा करायची आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात एक बरणी जायची. झाडाची सावली दुपारी स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीवर पडायची. बेचाळीस अंशांच्या उन्हातही त्या खोलीत बसता यायचे.

मुरंब्याला पाहुणे वाखाणायचे. माझे नाव कुणी घेत नसे, पण पाणी देऊन झाले की लिब्रादो मला चिंधीने पुसायचा आणि दाराआडच्या खिळ्याला अडकवायचा. मला तेवढे पुरे होते.

दोन वर्षांपूर्वी, संत्री उतरवायच्या दिवसांत, लिब्रादो गेला.

त्यांची मुलगी अंपारो शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर राहते. दातांच्या दवाखान्यात काम करते आणि दर शनिवारी आईकडे येते. आईला नळी ओढवत नाही हे पाहून तिने नळाला आपोआप पाणी सोडणारे घड्याळ बसवले. रोज सकाळी सहा वाजता, दहा मिनिटे, खोडाजवळ. परसात पाय अडखळू नये म्हणून तिने जुने आळे सपाट करून वर खडी पसरली. हे सगळे तिने मायेने केले, हे मी शपथेवर सांगते. पण आता मला विचारायचे कारणच उरले नाही. आधी मी परसाच्या फाटकाचा अडसर झाले, मग टोमॅटोचा टेकू. माझ्यावर गंज चढला, खाचांमध्ये माती बसली. अंपारोला झाड तहानलेले वाटले की ती घड्याळ दोन मिनिटांनी वाढवायची. पाने करपतच राहिली.

त्या शनिवारी तिने झाडे पाडणाऱ्या एलेउतेरिओला बोलावले होते. त्याने खोडावर थाप मारली, वर पाहिले, आणि डोक्यावरची टोपी मागे सारली.

"खाली पांढरा थर आहे, बाई. या गल्लीत सगळीकडे आहे. पाणी मुरायला वाटच नाही, मुळं गेली असणार. उन्हाळा तापायच्या आत पाडून टाकू."

तो गेल्यावर दोघी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या.

"आई, हे झाड गेलं की ती खोली भट्टी होईल," अंपारो म्हणाली. "माझ्याकडे ये ना. लिफ्ट आहे, सगळं आहे."

"आणि तुझी ती भिंत बघत बसू? समोर काय तर गाड्या लावायची जागा!"

"इथं तरी काय आहे आता?"

कुकाने पायरीवर पडलेले एक करपलेले पान उचलले. मग म्हणाली, "हे बघ. सान हुआनच्या दिवसापर्यंत थांब. तोपर्यंत झाडाला एक तरी नवी फूट आली तर मी इथंच राहणार, आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. नाही आली तर बॅग भरून येते तुझ्याबरोबर. कुरकुर करणार नाही."

"तू? आणि कुरकुर करणार नाहीस?"

"थोडी करीन."

सान हुआनचा दिवस, म्हणजे आमच्याकडे पावसाळ्याची सुरुवात मानतात तो सण, जूनच्या चोवीस तारखेला असतो. मधे सात आठवडे होते.

कुका उठली. गुडघा धरला होता, म्हणून आधाराला तिने हात पुढे केला आणि तिच्या हाताला मी लागले. तिने मला टोमॅटोपासून उपटले आणि काठीसारखे टेकत टेकत झाडाखाली गेली. नवऱ्याला तिने चाळीस वर्षे चिडवले, पण मला कधी हातात धरले नव्हते. खोडाशी, ओल्या डागावर, ती उभी राहिली. मग लिब्रादो करायचा तसे तिने दोन्ही हातांनी मला खाली दाबले.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला फक्त जाता येते किंवा थांबता येते. मी चार इंचांवर थांबले.

"अंपारो, इकडे ये. दाब बघू तू. माझ्यात जोर नसेल."

अंपारोने दाबले. चार इंच. फांद्यांच्या टोकांखाली खडी सारून पुन्हा दाबले. तिथे माझे टोकसुद्धा आत गेले नाही.

"रोज पाणी देतेय मी," अंपारो म्हणाली. "रोज, आई. दोन वर्षं."

"रोज जिभेला लावलंस त्याच्या, बाळा. पोटात काही गेलं नाही. ते बिचारं घोट घोट पाणी उन्हानं उडून जातं, आणि आपल्या पाण्यातलं मीठ तेवढं मागं राहतं. तुझे बाबा हेच बडबडायचे. मी ऐकत नव्हते असं त्यांना वाटायचं."

"पण तो म्हणाला खाली थर आहे."

"तो म्हणाला. सळईला विचारू."

अंपारोने खडी ओढून काढली आणि फावड्याने मातीचा बांध घातला. खोडापासून सात फुटांवर, फांद्यांच्या टोकांखालून गोल. घड्याळ बंद केले. नळी बारीक सोडली आणि आळे हळूहळू भरू लागले. आई पालथ्या बादलीवर बसली, मुलगी बांधाच्या फटी बुजवत फिरली. दुपारचे जेवणही झाडाखालीच झाले, मक्याच्या पोळ्या आणि घेवडा.

तासाभराने मी सात इंच उतरले. तीन तासांनी पहिली खाच मातीआड गेली. सहा तासांनी अंपारोने खोड आणि बांध यांच्या मधोमध मला धरले. बावीस इंच झाले, तेवीस झाले. दुसऱ्या खाचेपाशी तिने हात थांबवला. थर असेल तर इथेच असणार होता.

"दाब की," कुका म्हणाली. "काच आहे का ती?"

अंपारोने दाबले. ज्या खड्ड्यात लिब्रादोने सहा दिवस पहार चालवली, त्याच खड्ड्यातून मी खाली गेले. एकदा एका खड्याला टेकले, किंचित सरकले आणि पुन्हा गेले. तिसरी खाच दिसेनाशी झाली. मातीच्या वर फक्त वीतभर सळई आणि तिच्या कडीत अडकलेली दोन बोटे राहिली.

कुकाने कमरेचा एप्रन सोडला, अंपारोला मला बाहेर ओढायला लावले आणि वरपासून खालपर्यंत पुसले.

त्यानंतर दर बारा दिवसांनी एकदा, अशी आणखी चार पाणी झाली. मी पुन्हा दाराआडच्या खिळ्यावर राहू लागले. एलेउतेरिओ एकदा गल्लीतून जाताना थांबला आणि म्हणाला, "अजून उभं आहे?" कुकाने त्याला उभ्या उभ्या सरबत दिले आणि सांगितले, "तूही उभाच आहेस की, त्या कुरकुरत्या गुडघ्यांवर."

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. वरून ओली दिसणारी माती पाहून समाधान मानू नका. ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला रोज थोडे देत राहिलात तरी ते त्याच्या मुळांशी पोचते का, हे अधूनमधून वाकून पाहा. सळई नसली तर काठी चालेल. आणि काम झाल्यावर तिला पुसून ठेवा.

जूनच्या चोवीस तारखेला अंपारो सकाळी सातलाच आली. दिवाणखान्यात आईची बॅग होती, अर्धी भरलेली. अंपारोने बॅगेकडे पाहिले, शिवणाच्या डब्यातून टेप घेतली आणि सरळ परसात गेली. मागोमाग कुका मला टेकत टेकत आली. अंपारोने पूर्वेकडची सर्वांत खालची फांदी हातात धरली, प्रत्येक कोवळी डिरी बोटाने मोजली, मग टेप लावली आणि मोठ्याने वाचून दाखवले.

नव्या फुटी सात. सर्वांत लांब फूट पावणेदोन इंच.