भुवयांमधली रेघ

तेरड्याच्या वाफ्यात खुरपं घालताच इनोबतच्या हाताला काहीतरी ओलसर, मऊ लागलं. तिने माती बाजूला सारली. मुळांसकट उपटलेल्या रोपांची जुडी होती. खालची सुकून काळी पडलेली, मधली पिवळी, आणि सगळ्यांत वरची आजच सकाळची असावीत, कारण त्यांची कोवळी पानं अजून ताठ होती.

भुवया रंगवायच्या उस्म्याची रोपं.

भिंतीकडच्या वाफ्यात तिने यंदा दोनदा उस्मा पेरला होता. पहाटेची नमाज झाली की रोज बिस्मिल्ला म्हणत तांब्याने पाणी घातलं होतं. वाफा उघडा तो उघडाच राहिला. अल्लाची मर्जी नसेल, असं ती मोहल्ल्यात सांगत आली. ते सांगताना मनाला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून ती मग जास्तीची दोन रकात नमाज पढायची.

मागे ओसरीवर चहाचे पियाले वाजले. विहीण तुर्सुनोय सकाळीच आली होती.

“विहीणबाई, अख्खं मर्गिलान तुमच्याकडून उस्म्याचं बी नेतं,” ती म्हणाली, “आणि तुमच्याच अंगणात उगवत नाही? नवलच बाई!”

“जमीन थकलीय.”

“जमीन थकत नसते. तुमचा इल्होम वारला त्याला वर्ष उलटून दोन महिने झाले. तुमचं दुःख मला कळत का नाही? पण माझी पोर तेवीस वर्षांची आहे. सासूने घरच्या पानांनी भुवया रंगवल्याशिवाय तिचं सुतक सुटायचं नाही. मागणी घालून बसलेला नुकुसचा डॉक्टर किती दिवस थांबेल?”

“नुकुस,” इनोबत म्हणाली. “दीड दिवसाचा प्रवास.”

“आता काय करता! लहानपणी हिच्या भुवयांमधली रेघ मी एक दिवस कोरी सोडली नाही. उस्म्याने रेघ भरून भुवया जोडल्या की मुलगी जवळ नांदते म्हणतात, आणि नांदली. तीन गल्ल्या टाकून तुमच्या घरात. तुम्हीसुद्धा लग्नाच्या दिवशी भरलीत की. झाला काय उपयोग?”

मोहिरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात नान रोटीचं फडकं. तिने आईकडे पाहिलं नाही, सासूकडेही नाही. ती वाफ्याकडे बघत होती.

इनोबत खाली बसूनच राहिली. पोरीने एकेक कोंब पहाटे, आपण नमाजीला बसलेलो असताना उपटला असणार. वर्षभर या घरात दोघीच होत्या. जर्दाळूच्या बिया फोडून तेल काढायचं, एकमेकींच्या भेगाळल्या टाचांना चोळायचं, आणि संध्याकाळी एकच भांडं शुर्व्याचा रस्सा दोघींत. आपल्यासारख्या म्हातारीला रात्री काही झालं तर, म्हणून ती पोर आपल्या पायाशी अंथरूण घालायची.

जुडी पुन्हा मातीत लोटून दिली असती, तर कुणाला कळलं नसतं.

तिने वरची हिरवी रोपं वेगळी केली, मुळं खुडली, पाण्याखाली धरली आणि ओसरीवर आली.

“मोहिरा, ये. इथे बस.”

“अम्मा, ही कुठून...”

“आपल्याच अंगणातली.”

मोहिराने हात फडक्याखाली घेतले. तिच्या नखांत माती होती.

“अम्मा, मी म्हटलं होतं का जायचंय?”

“नाही म्हटलंस. डोळे मिट.”

तुर्सुनोयने हातातला पियाला रिकामा करून पालथा घातला.

इनोबतने पानं तळहातांत चुरगाळून मूठ आवळली. हिरवा रस मनगटावरून ओघळत पालथ्या पियाल्याच्या बुडातल्या गोल खळग्यात जमला. काडीला कापूस गुंडाळून तिने डावी भुवई ओढली, मग उजवी. कड सरळ आली. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी गालावर उतरलं. ते भुवईला लागू नये म्हणून इनोबतने ओढणीच्या टोकाने टिपलं.

“हलू नकोस. वाळू दे.”

हिरवा रंग वाळला. मोहिराने तोंड धुतलं आणि थोड्या वेळाने खांबावरच्या आरशात पाहिलं. भुवया काळ्याभोर उमटल्या होत्या. दोन, वेगवेगळ्या.

तिने कपाळाच्या मध्यावर बोट ठेवलं.

“अम्मा, मधली रेघ राहिली.”

“रस संपला गं,” इनोबत म्हणाली.

पियाल्याच्या बुडात रस तसाच होता. तिने तो उचलला, अंगणात जाऊन तेरड्याच्या मुळाशी ओतला, आणि पाठमोरी उभी राहून पियाला धूत राहिली. पियाला केव्हाच स्वच्छ झाला होता.