सहाचं इंजेक्शन

"आजा, हात पुढं कर. सहा वाजले."

आजाने हात मागे घेतला. कंपवाताने तो हात एरवीही हलायचा, पण आज त्याने तो मुद्दाम मागे घेतला.

"आज नको गो. अष्टशील घेतलंय मी. बारानंतर काय खायचं नाय. आता उद्या सकाळीच."

आषाढी पौर्णिमा होती. सकाळीच तो विहारात जाऊन आला होता. पण मी ऐकते कसली! नववीत होते, आणि डोळखांबकडच्या आमच्या अख्ख्या वस्तीत इन्सुलिन टोचता येणारी मी एकटीच. शहापूरला सिस्टरनी मला संत्र्यावर शिकवलं होतं. पुढेही त्या काहीतरी सांगत होत्या, पण तोवर मी दुसरं संत्रं उचललं होतं.

"शील तू पाळ. इंजेक्शनला सुट्टी नाय. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

लिहून दिलंय म्हटल्यावर आजाने हात पुढे केला. कसाऱ्याजवळ रेल्वेच्या फाटकावर त्याने तीस वर्षं काढली होती. लेखी हुकूम म्हणजे हुकूम. त्याने बाही वर केली. मी गार मडक्यातून बाटली काढली, रोजच्याएवढं औषध भरलं आणि दंडात टोचलं. रक्ताचा थेंबसुद्धा नाही. मी खूश.

आठच्या सुमाराला तो जास्तच थरथरायला लागला. सदरा घामाने भिजला. फाटक लाव, गाडी येतेय, असं काहीबाही बोलायला लागला. आई म्हणाली, साखरपाणी देऊया का. मला हसूच आलं.

"शुगरवाल्याला साखर? मारायचाय का त्याला? कंपवात वाढलाय नुसता."

कंपवाताची गोळी चमच्यात विरघळवून मी त्याच्या तोंडात घातली. अर्ध्या तासाने हात थांबला. इतका स्वस्थ पडलेला आजा मी कधी पाहिलाच नव्हता.

"बघ आई, लागू पडली," मी म्हणाले, आणि झोपायला गेले.

सकाळी डॉक्टर आले. नाडी त्यांनी नावापुरतीच पाहिली. शेवटचं कधी जेवले होते, विचारलं. मग इंजेक्शन कोणी दिलं, विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच दिलं."

तिला सिरिंजवरचे आकडेही वाचता येत नाहीत. उपाशी माणसाला इन्सुलिन देतात का, अडाणी बाई, साखर उतरून गेला तो, असं डॉक्टर तिला शेजाऱ्यांदेखत बोलत राहिले. आईने मान वर केली नाही. आजाची बाही अजून दंडापर्यंत दुमडलेलीच होती. तिने ती हळूच खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावलं.